डोक्यावर तारा, खाली अंधार

इंग्लंड म्हटलं की लखलखाट डोळ्यांसमोर येतो. पण तिथल्या कित्येक खेड्यांत दुसऱ्या महायुद्धानंतरही रात्री रॉकेलचाच दिवा असे. रोज वात कापायची, काजळलेली काच पुसायची. इस्त्री चुलीवर तापवायची. गंमत म्हणजे रेडिओ मात्र विजेच्या आधी पोचला! त्याची ॲसिडची बॅटरी अधूनमधून गॅरेजात नेऊन चार्ज करून आणायची. तीही जपून, कारण ॲसिड सांडलं की कपड्याला भोक.

खरं तर विजेची सुरुवात लवकर झाली होती. सरे परगण्यातल्या गॉडलमिंग या छोट्या गावात १८८१ मध्येच नदीवरच्या पाणचक्कीच्या जोरावर रस्त्यावर विजेचे दिवे लागले. रस्ता खणायचा अधिकार नव्हता, म्हणून तारा चक्क रस्त्याकडेच्या गटारातून नेल्या! धंदा काही परवडेना. १८८४ मध्ये गाव पुन्हा गॅसच्या दिव्यांकडे वळलं.

१९२६ च्या कायद्यानं राष्ट्रीय ग्रिडचा, म्हणजे देशभरच्या वीजतारांच्या जाळ्याचा, पाया घातला आणि शेताशेतांतून उंच मनोरे उभे राहिले. पण तारा डोक्यावरून गेल्या तरी खाली अंधारच. दोन-चार घरांसाठी मैलभर खांब टाकणं कंपन्यांना कुठलं परवडायला! १९४८ मध्ये वीजधंदा सरकारी झाला, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बहुतेक खेडी जोडली गेली.

वीज आल्यावरही अनेक घरांत नाण्याचा मीटर असे. शिलिंग टाकलं की वीज सुरू. तेवढ्याची वीज संपली की ऐन जेवणात काळोख, आणि मग सगळे चाचपडत खिशातलं नाणं शोधणार.