चष्मा काढण्यापूर्वी

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



साठ वर्षांचा आढावा माझ्याआधीच्या वक्त्यांनी उत्तम रीतीने घेतला. मी आज एक लहानसा, घरगुती वाटणारा विषय घेऊन उभी आहे. गेल्या काही वर्षांत बारावी झालेली मुले आणि त्यांचे आईवडील माझ्या खोलीत येतात आणि हळूच विचारतात, "बाई, लेसर करून चष्मा घालवावा का?" मी डॉक्टर नाही, मराठीची शिक्षिका आहे. तरीही हा प्रश्न माझ्या घरातही येऊन गेला आहे. त्या निमित्ताने जे वाचले, विचारले आणि समजले, ते तुमच्यापुढे ठेवते.

या उपचाराच्या मुळाशी एक भारतीय नाव आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे. मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. १९८१ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सणाच्या मेजवानीतून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या मांसावर एक्सायमर लेसरचा झोत टाकून पाहिला. आजूबाजूचा भाग न भाजता अतिशय नेमकी खाच पडली. पुढे १९८३ साली नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी हाच झोत डोळ्याच्या पारपटलावर वापरता येईल हे दाखवले. पारपटल म्हणजे ज्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात तो, डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा. त्याचा आकार किंचित बदलला की प्रकाश नेमका दृष्टिपटलावर पडतो आणि चष्म्याचे काम तो पडदाच करू लागतो.

हा पडदा मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर, म्हणजे सुमारे ५४० मायक्रॉन जाड असतो. लॅसिक पद्धतीत त्याचा वरचा पातळ पापुद्रा, साधारण ११० मायक्रॉनचा, उचलतात, खालचा भाग लेसरने झिजवतात आणि पापुद्रा परत बसवतात. एका नंबरामागे साधारण १२ ते १५ मायक्रॉन झिजवावे लागतात. आता हे गणित आपल्या सातवीच्या मुलालाही जमेल. उणे सहा नंबर असेल तर सुमारे ८४ मायक्रॉन झिजतील. ५४० मधून ११० आणि ८४ वजा केले की ३४६ उरतात. खाली किमान २५० तरी उरलेच पाहिजेत असे मानतात, आणि सावध डॉक्टर ३०० च्या खाली जायला तयार नसतात. झिजलेले पारपटल पुन्हा भरून येत नाही. म्हणून हे गणित आधीच नीट मांडावे लागते.

माझ्या मुलीचा नंबर साडेसात. तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनीच सुचवले की चष्मा गेला तर बरे. आम्ही एका मोठ्या शहरातील केंद्रात गेलो. तिथे तपासणीआधीच सवलतीचा दर सांगितला आणि रविवारपर्यंत ठरवा म्हणाले. मन धजेना. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मुलीला पंधरा दिवस कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवायला लावली, मग पारपटलाचा नकाशा काढला. जाडी ४८५ भरली आणि खालच्या बाजूला किंचित अनियमित फुगवटा दिसला. ते शांतपणे म्हणाले, "ताई, हिला लेसर नको. असे पारपटल झिजवले तर पुढे ते पुढच्या बाजूला फुगू शकते आणि चष्म्यानेही नीट दिसणार नाही." त्यांनी आमच्याकडून फक्त तपासणीची फी घेतली. त्या 'नको'चे मोल मला आजही फार मोठे वाटते. मुलगी आजही चष्मा लावते आणि सुखाने संसार करते.

म्हणून मी या उपचाराच्या विरुद्ध आहे असे कृपया समजू नका. पारपटल जाड व नियमित आहे, नंबर किमान वर्षभर स्थिर आहे, वय अठराच्या पुढे आहे, अशांना याचा मोठा लाभ होतो. सकाळी उठल्याउठल्या उशाशी चष्मा चाचपावा लागत नाही. पावसात, स्वयंपाकघरातल्या वाफेत, मैदानावर मोकळेपणाने वावरता येते. उपचार करून घेतलेले बहुसंख्य लोक समाधानी असतात. पण दुसरी बाजूही ऐकून घ्या. पहिले काही महिने डोळे कोरडे पडतात, काहींचे पुढेही पडत राहतात. जबलपूरच्या मे महिन्यातील लू आपण सारे जाणतो. रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात, रात्रपाळीला गाडी चालवणाऱ्याने हे लक्षात घ्यावे. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण होतो. लॅसिकचा पापुद्रा जोराच्या माराने वर्षांनंतरही सरकू शकतो, त्यामुळे कुस्ती-कबड्डी खेळणाऱ्यांना डॉक्टर पापुद्रा न काढता करायची पीआरके पद्धत सुचवतात. तिच्यात पहिले तीन-चार दिवस दुखते आणि नजर स्थिरावायला वेळ लागतो. गरोदरपणी व अंगावर पाजत असताना हा उपचार करीत नाहीत.

आणखी एक गैरसमज. आपल्या भाषेने चष्म्यालाच 'चाळिशी' म्हटले आहे. चाळिशीनंतर जवळचे दिसेनासे होते ते डोळ्यातील भिंग ताठर झाल्यामुळे, आणि लेसर त्या भिंगाला हात लावत नाही. उलट लांबचा चष्मा असलेला माणूस तो काढून पोथी वाचू शकतो, ती सोय लेसरनंतर जाते. तसेच मोठा उणा नंबर म्हणजे लांबलेले नेत्रगोल. चष्मा गेला तरी नेत्रगोलाची लांबी तीच राहते आणि दृष्टिपटल सुटण्याचा धोकाही तोच राहतो. तेव्हा डोळ्यांची तपासणी जन्मभर करावी. उपचारापूर्वीची मापे असलेली फाईल सांभाळून ठेवा. पुढे मोतीबिंदूच्या वेळी नवे भिंग निवडताना तिचा उपयोग होतो.

आता खमरियाच्या घराघरांशी निगडित गोष्ट. भोंग्यावर दिवस सुरू होणाऱ्या आपल्या वस्तीतली मुले कारखाना, फौज आणि रेल्वे या तीन वाटांकडे पाहतात. त्यांतील बहुतेक जण चष्मा घालवू पाहतात तो दिसण्यासाठी नव्हे, नोकरीसाठी. लष्करातील अधिकारी भरतीच्या वैद्यकीय निकषांनुसार शस्त्रक्रिया वयाच्या विसाव्या वर्षाआधी झालेली चालत नाही, तिला १२ महिने उलटलेले असावे लागतात, पारपटलाची जाडी ४५० मायक्रॉनपेक्षा कमी आणि उरलेला नंबर एकपेक्षा अधिक नसावा. सतराव्या वर्षी घाई करणाऱ्या मुलाने स्वतःच ते दार लावून घेतलेले असते. रेल्वेत तर सहायक लोको पायलटच्या पदासाठी लॅसिक झालेला उमेदवार अपात्रच ठरतो. आपल्या शाळेचा एक गुणी विद्यार्थी हे न वाचता ऑपरेशन करून आला. आईने पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. डोळे छान झाले, पण ज्या पदासाठी हा खटाटोप केला ते पद हुकले. पेढे घेऊन आलेल्या त्या माउलीला ती अधिसूचना वाचून दाखवताना माझा आवाज फुटेना. म्हणून सांगते, आधी ज्या नोकरीचा अर्ज करायचा त्या वर्षीची अधिसूचना वाचा, मग डॉक्टरांकडे जा. नियम पदागणिक वेगळे असतात आणि बदलतातही.

पालकहो, शेवटची विनंती मुलींविषयी आहे. चष्मा हे व्यंग नव्हे. ज्या मुलीला स्वतःला चष्मा नकोसा वाटतो तिने सर्व जाणून अवश्य निर्णय घ्यावा. पण पाहुण्यांना आवडावी म्हणून तिच्या निरोगी डोळ्यावर शस्त्रक्रिया करवू नका. आणि शाळकरी मुलांच्या बाबतीत तर हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण त्यांचा नंबर अजून वाढत असतो. त्यांना रोज उघड्यावर, उजेडात खेळू द्या आणि डोळे चोळण्याची सवय मोडा.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न चारच आहेत. माझे पारपटल किती जाड आहे? त्याचा नकाशा नियमित आहे का? झिजवल्यावर किती उरेल? आणि माझ्या जागी तुमचे मूल असते तर तुम्ही काय केले असते? चौथ्या प्रश्नाच्या उत्तराआधी डॉक्टर किती वेळ थांबतात, तेही पाहा.

या शाळेने साठ वर्षे मुलांना वाचायला शिकवले. करारावर सही करण्यापूर्वी तो नीट वाचावा, हा त्याच शिक्षणाचा भाग आहे.