तात्यासाहेब केळकर: राजकारणी आणि नाटककार



एप्रिल १८३४. माद्रिदमध्ये पंतप्रधान मार्तिनेझ दे ला रोसा यांच्या पुढाकारानं स्पेनला नवी राजकीय सनद मिळाली आणि त्याच महिन्यात त्यांचं व्हेनिसच्या कटावरचं नाटक रंगभूमीवर आलं. एकच माणूस दरबारातही आणि रंगमंचावरही! पुण्यातही असं एक नाव आहे: नरसिंह चिंतामण केळकर, आपले तात्यासाहेब.

साताऱ्यातली वकिली सोडून ते १८९६ मध्ये टिळकांच्या हाकेसरशी पुण्याला आले. 'मराठा', 'केसरी' सांभाळले, नगरपालिकेचे अध्यक्ष झाले, पुढं मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. या धबडग्यातच त्यांनी १९१३ साली 'तोतयाचे बंड' रंगभूमीला दिलं.

कथा आपल्या शहराच्या जिव्हारीची. १४ जानेवारी १७६१ला सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंना मात्र ते पटलं नाही. त्यांनी कपाळीचं कुंकू पुसलं नाही. मग 'मीच भाऊ' म्हणणारा एक जण उभा राहिला, कोकणातले किल्ले त्याला मिळत गेले, आणि अखेर १७७६ मध्ये त्याला देहान्ताची शिक्षा झाली. नाना फडणिसांना राज्य वाचवायचं होतं, पार्वतीबाईंना आशा. चूक कुणाची म्हणायची?

अग्रलेखात एक बाजू ठासून मांडता येते. नाटककाराला मात्र प्रत्येक पात्राच्या मनात शिरावं लागतं. १९२१च्या बडोदा साहित्य संमेलनात अध्यक्ष म्हणून तात्यासाहेबांनी याचंच मर्म सांगितलं. आपण आपणच राहून दुसऱ्याच्या भूमिकेत रमणं, याला त्यांनी 'सविकल्प समाधी' म्हटलं.

मला त्यांचं राजकारणही याच मुशीतलं वाटतं. जयकर आणि मुंजे यांच्यासोबत त्यांनी प्रतियोगी सहकारितेचा मार्ग धरला: सरकार जिथं हात पुढं करील तिथं साथ, नाही तिथं विरोध. दोन्ही डगरींवर हात ठेवणारे, असं अशा माणसांना म्हटलं जातं. मधली वाट धरणाऱ्या दे ला रोसांचीही देशबांधवांनी टिंगल केलीच. पण समोरच्याचं मन ओळखूनही स्वतःच्या मतावर उभं राहणं, याला धैर्य लागतं.

१४ ऑक्टोबर १९४७ला, स्वातंत्र्य पाहून, तात्यासाहेब गेले. ग्रंथालयातून ते नाटक जरूर आणा. वाचताना पार्वतीबाईंच्या कपाळावरचं ते कुंकू विसरू नका. १७८३मध्ये त्या गेल्या, तेव्हाही ते तसंच होतं.