अल्प खर्चात लंडन-दर्शन

परदेशातील एखाद्या महानगरात एकच दिवस हाती असावा आणि खिसा मात्र बेताचाच असावा, हा प्रसंग पुण्यातील सुशिक्षित कुटुंबांना आता अपूर्व राहिलेला नाही. मुलगा किंवा मुलगी लंडनला शिकावयास असते, आईवडील भेटीस जातात, आणि चहाच्या पेल्याची किंमतदेखील मनातल्या मनात रुपयांत करून पाहिली की घोट घशाखाली उतरत नाही. अशा प्रवाशाचा समज असा होतो, की लंडन हे श्रीमंतांनीच पाहावयाचे शहर. वस्तुस्थिती निराळी आहे. त्या शहरात पैसा लागतो तो राहण्यास, खाण्यास आणि फिरण्यास. पाहण्यास तो फारसा लागत नाही. तेथील मोठमोठ्या राष्ट्रीय संग्रहालयांचे कायमचे संग्रह कोणासही विनामूल्य पाहता येतात.

मात्र दिवसाची आखणी आधी झाली पाहिजे. शक्य असल्यास शुक्रवार निवडावा, कारण त्या दिवशी मोठी संग्रहालये रात्रीपर्यंत उघडी असतात. भुयारी रेल्वेपेक्षा बस स्वस्त पडते, आणि पहिल्या बसमध्ये चढल्यापासून तासाभरात दुसरी बस पकडली तर वेगळे भाडे पडत नाही. २०१४ पासून बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, हे ध्यानात ठेवून योग्य ते कार्ड जवळ बाळगावे. पिशवीत पुण्याहून नेलेला चिवडा आणि पाण्याची बाटली असली, म्हणजे दुपारच्या खर्चाची निम्मी चिंता मिटते.

मराठी माणसाने सकाळचा आरंभ चॉक फार्म स्थानकाजवळील किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरापासून करावा. १९२१-२२ साली विद्यार्थी असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने हे घर विकत घेतले आणि तेथे स्मारक झाले. इतक्या सकाळी आत जाता आले नाही, तरी दारावरील फलक पाहून शेजारच्या प्रिमरोझ टेकडीवर चढावे. पर्वतीवरून पुणे दिसते तसे तेथून लंडन पायाशी पसरलेले दिसते, आणि त्या दृश्यास एक पैसाही पडत नाही.

तेथून ब्रिटिश म्युझियम सुमारे चार किलोमीटर आहे. पाय धड असतील तर रीजंट्स पार्कमधून चालत जाणेच उत्तम. हे संग्रहालय १७५९ साली उघडले तेव्हापासूनच प्रवेशास मूल्य नव्हते, परंतु आरंभी आगाऊ लेखी अर्ज करून परवाना मिळवावा लागे. सामान्य कष्टकऱ्यास ते कसे साधावे? दार फुकट होते, पण उघडे नव्हते. ते खऱ्या अर्थाने उघडण्यास पुढे पुष्कळ वर्षे लागली. याच इमारतीच्या मध्यभागी १८५७ साली बांधून पुरे झालेले घुमटाकार वाचनालय आहे. बाबासाहेब दुपारचे जेवण टाळून दिवसभर ग्रंथालयात वाचीत बसत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १९२३ साली ज्या प्रबंधावर त्यांना लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली, त्याचा विषय रुपयाचा प्रश्न हाच होता. लंडनमध्ये काटकसरीने राहून तेथील सार्वजनिक संपत्तीचा पुरेपूर उपयोग कसा करावा, याचे याहून मोठे उदाहरण मराठी माणसास शोधावे लागणार नाही.

ब्रिटिश म्युझियम एका दिवसात पाहून होत नाही. तेव्हा रोझेटा शिला आणि अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे एवढीच निवांतपणे पाहावीत आणि बाहेर पडावे. पंधरा-वीस मिनिटे चालले की ट्रॅफल्गार चौक येतो. तेथील नॅशनल गॅलरीची स्थापना १८२४ सालची. तिची सध्याची इमारत १८३८ साली उघडली. या जागेची एक सोय अशी, की पश्चिमेकडील धनिक गाडीतून आणि पूर्वेकडील गरीब पायी, असे दोघेही येथे पोहोचू शकत. व्हॅन गॉगची सूर्यफुले येथेच आहेत.

पुढे सेंट जेम्स पार्कमध्ये बाकावर बसून फराळ करावा आणि हाइड पार्कच्या कडेने, अथवा बसने, साउथ केन्सिंग्टनला जावे. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या पूर्वरूपात, १८५० नंतरच्या दशकात, दालनांत गॅसचे दिवे लावले गेले ते याचसाठी, की दिवसभर राबणाऱ्या कामगारांना संध्याकाळी येता यावे. तरीही १९९६ साली याच संग्रहालयाने प्रवेशशुल्क बसविले, आणि ते २००१ च्या अखेरीस उठले. विनामूल्य प्रवेश हा एकदा मिळाला म्हणजे कायमचा मिळाला, असे नसते.

भारतीय दालनात मात्र प्रवाशाचे पाऊल अडखळते. इंग्रज शिपायाच्या अंगावर झेपावलेला टिपूचा लाकडी वाघ येथे आहे. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले तेव्हा तो लुटीत सापडला. प्रतापगडच्या भेटीशी जिचा संबंध जोडला जातो ती वाघनखेही याच संग्रहातील. ती ग्रँट डफच्या वंशजांकडून आलेली आहेत, पण शिवछत्रपतींनी वापरली ती हीच, असे निश्चयाने सांगता येत नाही, असे संग्रहालयच म्हणते. २०२४ च्या जुलैत ती तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आणून प्रथम साताऱ्यात मांडण्यात आली. आपल्या घरची वस्तू काही काळासाठी उसनी आणावी लागते, हे शल्य खरे आहे. प्रवेश विनामूल्य असला, तरी आतील अनेक वस्तूंचे मोल फार पूर्वी दुसऱ्या कोणी तरी चुकते केलेले आहे. लंडन पाहताना हे विसरू नये आणि त्यापायी लंडन पाहणे टाळूही नये.

रात्री पाय दुखत असतील, पण हिशेब मांडला तर खर्च बसभाडे व एखाद्या सँडविचपलीकडे गेलेला नसेल. असा प्रवासी पुण्यास परत आल्यावर त्याने एक दिवस राजा दिनकर केळकर संग्रहालयासाठी राखून ठेवावा. अडकित्ते, दिवे, दौती, वाद्ये अशा नित्याच्या वस्तू एका पुणेकराने आयुष्यभर पदरमोड करून जमविल्या आणि १९७५ साली शासनाच्या स्वाधीन केल्या. पाहुणा आला तरच तेथे जावयाचे, ही पुण्यातील घरांची जुनी रीत. ती मोडण्यास विलायतेचे तिकीट लागत नाही.