एरंडेल : गुण आणि मर्यादा



‘ओसाड गावी एरंड बळी’ ही म्हण आपण उपहासाने वापरतो. परंतु या झाडाची योग्यता एवढी सामान्य नाही. सुमारे ३५०० वर्षांपूर्वीच्या ईजिप्तमधील एबर्स पपायरसमध्ये त्याच्या औषधी उपयोगांची नोंद आहे. आयुर्वेदाने त्याला ‘वातारि’ म्हटले. आज जगात एरंडीचे सर्वाधिक उत्पादन भारतात, आणि भारतात गुजरातमध्ये होते.

प्रथम बी आणि तेल यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. बीमध्ये रिसिन नावाचे जहाल विषारी प्रथिन असते. चावून खाल्लेल्या थोड्या बियादेखील मुलाच्या जिवावर बेतू शकतात. हे प्रथिन तेलात विरघळत नाही, ते पेंडीत राहते. आणि तेल शुद्ध करताना दिलेल्या उष्णतेने त्याचा उरलासुरला अंशही निकामी होतो. म्हणून शुद्ध केलेले औषधी तेल विषारी नसते. बिया मात्र मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

पोटात गेलेल्या तेलाचे पचन होऊन रिसिनोलेइक आम्ल मोकळे होते. ते आतड्याच्या स्नायूंना चेतवते आणि साधारणतः दोन ते सहा तासांत कोठा साफ होतो. हे आम्ल पेशींवरील कोणत्या ग्राहकामार्फत कार्य करते, हे जर्मनीतील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून २०१२ मध्ये दाखवून दिले. त्याच ग्राहकामार्फत गर्भाशयाचे स्नायूही आकुंचन पावतात. गरोदर स्त्रीने एरंडेल स्वतःच्या मनाने घेऊ नये, ते याचसाठी.

त्याहून मोठा धोका आपल्या एका समजुतीत आहे. पोट दुखले की मळ साचला असेल असे मानून एरंडेल पाजले जाते. पण ते दुखणे आंत्रपुच्छाच्या दाहाचे किंवा आतड्यातील अडथळ्याचे असेल, तर रेचकाने आतडे फुटण्याची भीती असते. कारण ठाऊक नसलेल्या पोटदुखीत, विशेषतः ताप वा उलटी असताना, एरंडेल देऊ नये. वैद्यकीय मदत घ्यावी. तान्ह्या बाळाला ते पाजू नये व त्याच्या नाकात तेलाचे थेंबही सोडू नयेत. ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. वरचेवर रेचक घेतल्यास शरीरातील पाणी व क्षार कमी होतात.

भेगाळलेल्या टाचांना किंवा कोरड्या त्वचेला हे तेल अवश्य लावावे. पोटात घेण्यापूर्वी मात्र एक प्रश्न विचारावा : दुखण्याचे कारण आपल्याला खरोखर कळले आहे काय?