वाळूवरचा वाद आणि पंचहौदातला चहा

कीर्तन ऐकलं नाही असा माणूस चिंचवडला शोधावा लागेल. मोरया गोसावींच्या या गावात चापेकर बंधूंचे वडील हरी विनायक हेही कीर्तनकारच. पूर्वरंगात बुवा सिद्धान्त मांडतात, उत्तररंगात आख्यान लावतात. मध्येच उठून ‘बुवा, हे काही पटलं नाही’ असं कुणी म्हणत नाही. ख्रिस्ती धर्म मराठीत सांगायला निघालेल्यांना मात्र असा उठून उभा राहणारा श्रोताच भेटला.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आला. त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं. जवळजवळ 11 हजार ओव्यांचं. त्याची सुरुवातच एका विचारण्यातून होते. साष्टीतला एक नवख्रिस्ती म्हणतो, जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आम्हाला दुसरं पुराण का देत नाही? प्रश्न बिनतोड आहे. पण राज्य पोर्तुगिजांचं. तिथे नवं पुराण मागता येत होतं, जुनं परत मागणं अवघड होतं.

मुंबईत चित्र पालटलं. 1829 साली आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन मराठी शिकले आणि शास्त्री-पंडितांशी जाहीर वाद घालू लागले. 1831 मध्ये मोरभट दांडेकर त्यांच्यासमोर उभे राहिले. तोंडी वादावर भागलं नाही. मोरभटांनी ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ छापली, विल्सननी 1832 मध्ये पुस्तकानेच उत्तर दिलं. छापखाना मिशनऱ्यांनी धर्मप्रचाराला जुंपला होता. समोरच्या पक्षानेही ते हत्यार लगेच उचललं.

या साऱ्यात सर्वांत रंगतदार प्रसंग 1857 चा. कस्टमची नोकरी सोडून सप्तशृंगीच्या डोंगरात साधना करून आलेले विष्णुबुवा ब्रह्मचारी, म्हणजे विष्णू भिकाजी गोखले, मुंबईच्या समुद्रकिनारी बोलायला उभे राहू लागले. 15 जानेवारी ते 28 मे, गुरुवारी संध्याकाळी. समोर मिशनरी, त्यांत अमेरिकेतून आलेले जॉर्ज बोवेन. हे गृहस्थ तरुणपणी स्वतः नास्तिक होते, त्यामुळे शंकेखोराशी बोलणं त्यांना नवं नसावं. भोवती वाळूवर श्रोत्यांचा गराडा. शेवटची सभा झाली तेव्हा मेरठच्या उठावाला अठरा दिवस झाले होते! बोवेन यांनी हे वाद त्याच वर्षी इंग्रजीत पुस्तकरूपाने छापले. जिंकलं कोण, याचा निकाल ज्याने त्याने आपापल्या घरी लावला असणार.

वाद जिंकायला गेलेला माणूस कधी कधी परत येत नाही, हेही घडलं. नीलकंठशास्त्री गोरे हे काशीतले चित्पावन पंडित. विल्यम स्मिथ या मिशनऱ्याला निरुत्तर करायला गेले आणि 1848 मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले. शास्त्राचा अभ्यास त्यांनी टाकला नाही. ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून सहाही दर्शनांची तपासणी त्यांनी शास्त्र्याच्याच पद्धतीने केली. पंडिता रमाबाईंच्या धर्मविचारावरही या गोऱ्यांच्या लेखनाचा ठसा आहे. बाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, आणि नंतर चर्चच्या अधिकाऱ्यांनाही प्रश्न विचारून बेजार केलं. युक्तिवादाने आलेली व्यक्ती युक्तिवाद दाराबाहेर ठेवून येत नाही, याचा अनुभव बाईंच्या इंग्लंडातल्या शिक्षिकांना पुरेपूर आला.

आता चिंचवडहून तासाभराच्या वाटेवरच्या पुण्यात येऊ. ऑक्टोबर 1890. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाचं निमंत्रण. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक अशी मंडळी हजर. व्याख्यान ऐकण्याला फारशी हरकत नव्हती. पण नंतर चहा-बिस्किटं पुढे आली. कुणी घेतली, कुणी नुसता कपाला हात लावला. बोलावण्याच्या खटपटीत असलेले गोपाळराव जोशी यांनीच मग हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापवली. ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं.

ज्या धर्माशी साठ वर्षं उघड्यावर वाद चालला होता, त्याच्या घरचा एक कप चहा शहराला पचेना. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचा दाखला पुढे केला. रानड्यांनी 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतलं, आणि त्याबद्दल सुधारकांचे बोल वेगळे ऐकले.