हातातली कानस आणि शेजारचं यंत्र

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या बोलण्याचा मजकूर)



आज माइकसमोर आम्ही तिघी बसलोय, पण बोलणं अकराजणींचं आहे. आमचा बचत गट कोल्हापूरजवळच्या एका गावातला. शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींची नावं तुम्ही ऐकली असतील. त्या भागात ओतकामाचे कारखाने पुष्कळ, आणि त्यांच्या आजूबाजूला जॉबवर्क करणाऱ्या लहान लहान शेड. अशाच एका शेडमध्ये आम्ही जातो. काम काय, तर लोखंडाच्या, पितळेच्या, ॲल्युमिनियमच्या सुट्या भागांची कुसळं काढायची.

आता लोखंडाला कुसळ कुठून आलं, असं तुम्ही म्हणाल. पत्रा कापला, किंवा लोखंडात ड्रिलनं भोक पाडलं, की कडेला बारीक धार उभी राहते. बोट फिरवलं तर गवताच्या कुसळासारखी टोचते. कारखान्यात तिला 'बर' म्हणतात, आणि ती काढण्याच्या कामाला डिबरिंग. आम्ही आपलं कुसळच म्हणतो.

हे कुसळ दिसायला एवढंसं असतं, पण राहिलं तर महाग पडतं. भाग एकमेकांत नीट बसत नाहीत. जोडणाऱ्याचा हात कापतो. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये असं एखादं कुसळ सुटून तेलात गेलं, तर व्हॉल्व अडकतो नाहीतर सील कापलं जातं. धारदार कडेवर रंगही धरत नाही, तिथूनच गंज सुरू होतो. म्हणून माल पाठवण्याआधी प्रत्येक नग साफ करावाच लागतो.

आम्ही कामाला लागलो तेव्हा हातात कानस, एमरी पेपर आणि एक लहानसा चाकू एवढंच होतं. मजुरी नगावर. सकाळी बसायचं आणि संध्याकाळपर्यंत मान वर काढायची नाही. सहा महिन्यांत आमच्या बोटांना डोळे फुटले. डोळ्यांना न दिसणारं कुसळ बोटाला लागायचं. पण त्याच बोटांना भाकरी थापताना पीठ झोंबायचं, इतके चरे पडलेले.

मग एके दिवशी टेम्पोतून यंत्र आलं. मोठ्या परातीसारखं गोल भांडं, आत रबरासारखं जाड अस्तर, खाली स्प्रिंगा. शेडमध्ये त्याला व्हायब्रो म्हणतात. मालक म्हणाले, आता एवढ्या बायका लागणार नाहीत. यंत्रावर एका एकोणीस वर्षांच्या मुलाला बसवलं. त्याला रोजावर पगार, आम्ही नगावर. आणि काढलेला नग बरोबर आहे की नाही, हे तो आम्हालाच विचारायचा.

त्या रात्री गटाची बैठक झाली. कुणी म्हणालं, यंत्राला हात लावायचा नाही. कुणी म्हणालं, उद्यापासून जायचंच नाही. आमच्यातल्या एका वयस्क बाईंनी विचारलं, "ते यंत्र करतं काय, हे कुणी नीट बघितलंय का?" आम्ही कुणीच बघितलं नव्हतं. मग ठरलं, आधी बघू.

बघितलं, तेव्हा कळलं की हे आपल्या ओळखीचंच काम आहे. नदीतले गोटे गुळगुळीत कसे होतात? वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून. व्हायब्रो तेच काम काही तासांत करतं. भांड्याच्या खाली मोटर असते, तिच्या दांड्याला एका बाजूला जड वजनं लावलेली असतात. मोटर फिरली की वजनामुळे सगळं भांडं थरथरतं. भांड्यात नगांबरोबर चिप्स घालतात, म्हणजे चिनीमातीसारखे घट्ट त्रिकोणी किंवा शंकूसारखे तुकडे. वरून पाणी आणि साबणासारखं कंपाऊंड. भांडं थरथरलं की आतला सगळा माल गोल गोल, वरखाली फिरत राहतो आणि चिप्स कुसळं घासून काढतात. सोनार रिठ्याच्या पाण्यात दागिना घासतो ना, तसंच समजा.

यातली गंमत पुढे आहे. माल वाळवायला दुसऱ्या भांड्यात मक्याचा भुगा घालतात. दाणे काढल्यावर जे बुरकुंड आपण चुलीत घालतो, त्याचाच रवाळ भुगा. तो पाणी शोषतो आणि नगाला चमकही आणतो. हे बघितलं आणि आमची भीती अर्धी गेली.

आम्ही मालकांना म्हटलं, आम्हाला शिकवा. ते हसले. पण त्या मुलानं दोनदा माल बिघडवला होता. एकदा नग जास्त आणि चिप्स कमी घातल्या, तेव्हा नग एकमेकांवर आपटून सगळ्यांना पोचे पडले. साधारणपणे एक घमेलं नग असतील, तर तीन घमेली चिप्स लागतात. दुसऱ्यांदा चिप्सचा आकार चुकला आणि त्या नगांच्या भोकांत जाऊन बसल्या. सुट्टीच्या दिवशी आम्ही अकराजणी खिळे घेऊन त्या टोकरत बसलो होतो. तेव्हा मालकांना पटलं, की यंत्राजवळ नग ओळखणारं माणूस हवं. दोघींना शिकवायला ते तयार झाले.

आज आमच्यातल्या तिघी व्हायब्रो चालवतात. कुठल्या मालाला कुठल्या चिप्स, हे त्या ठरवतात. पोलादाला चिनीमातीच्या, पितळ आणि ॲल्युमिनियमसारख्या मऊ धातूला प्लास्टिकच्या. चौघी तपासणी करतात आणि यंत्र पोचत नाही अशा आतल्या भोकांची कुसळं हातानं काढतात, कारण तिथे अजून बोटच लागतं. रोज मात्र आधी मुलापेक्षा कमी देत होते. एकाच कामाला बाईला आणि पुरुषाला एकच मजुरी, हा नियम 1976 पासून आपल्या कायद्यात आहे. गटातल्या एकीच्या मुलीनं तो वाचून दाखवला. आम्ही भांडलो नाही, पण सगळ्या मिळून गेलो. एकटी गेली असती, तर तिला घरी पाठवलं असतं.

उरलेल्या चौघींना मात्र काम राहिलं नाही. त्या परत भांगलणीला जातात. हे लपवून बोलणं खोटं होईल. यंत्रानं त्यांचं काम नेलं, आणि आम्ही शिकायला आणखी दोन महिने उशीर केला असता, तर आमचंही नेलं असतं.

आता धोक्याचं बोलू. त्यासाठीच आम्ही आज आलोय.

व्हायब्रोपेक्षा वाईट यंत्र म्हणजे बफ. कापडाच्या चकत्या दांड्यावर बसवलेल्या असतात, त्या जोरात फिरतात, त्यावर मेणासारखा मसाला लावतात आणि नग धरून चमकवतात. कापड मऊ, म्हणून बाया बेफिकीर राहतात. आमच्यातल्या एकीची ओढणी त्या दांड्यात गेली. शेजारचीनं बटण दाबलं म्हणून ती आज आहे. गळ्यावरचा वळ बरेच दिवस होता. त्या दिवशी मालक आधी म्हणाले, तुमचाच निष्काळजीपणा. आम्ही म्हटलं, ओढणी आमची, पण दांड्यावर झाकण नव्हतं ते कुणाचं? दुसऱ्या आठवड्यात झाकण बसलं.

म्हणून फिरत्या यंत्राजवळ पदर खोचलेला, त्यावर अंगभर ॲप्रन. ओढणी काढून ठेवायची, केस बांधून टोपीत. बांगड्या आणि मंगळसूत्र डब्यात. फिरत्या चाकाशी सुती हातमोजेही नकोत, मोजा अडकला की हात ओढला जातो. बफवर नग नेहमी चाकाच्या मध्याच्या खाली धरायचा, म्हणजे सुटला तर आपल्या अंगावर न येता पलीकडे जातो. डोळ्यांवर चष्मा हवाच. ग्राइंडरचं नवं दगडी चाक बसवताना त्यावर लिहिलेला वेग बघायचा. यंत्राचा वेग त्याहून जास्त असेल तर ते चाक लावायचं नाही, ते फुटतं.

दुसरा धोका धुळीचा. ओतकामाच्या मालाला साच्यातली वाळू चिकटलेली असते. तो माल ग्राइंडरनं घासला की वाळूची बारीक धूळ छातीत जाते. तिनं होणाऱ्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात, आणि झालेला सिलिकोसिस बरा होत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. एन-95 सारखा घट्ट बसणारा मास्क लागतो, आणि त्याच्याही आधी धूळ ओढून घेणारा पंखा.

ॲल्युमिनियमची धूळ तर पेटते. चीनमध्ये शांघायजवळ कुन्शान नावाचं शहर आहे. तिथे मोटारींच्या चाकांना पॉलिश करण्याच्या कारखान्यात 2 ऑगस्ट 2014 रोजी सकाळी धुळीचा स्फोट झाला. धूळ ओढणारी यंत्रणा वेळेवर साफ केलेली नव्हती. त्याच दिवशी सत्तरच्या वर माणसं गेली, आणि पुढे उपचार चालू असताना गेलेली धरून आकडा 146 वर पोचला. तीही आपल्यासारखीच कामावर आलेली माणसं. म्हणून ॲल्युमिनियमची धूळ साचू द्यायची नाही, हवेच्या पाइपनं उडवायची नाही, आणि ज्या ग्राइंडरवर लोखंडाच्या ठिणग्या उडतात, त्यावर ॲल्युमिनियम घासायचं नाही. पेटलीच तर पाणी मारायचं नाही. पाण्यानं ती आणखी भडकते. कोरडी वाळू हळूच पसरायची.

आवाजाचीही एक साधी खूण सांगतो. हातभर अंतरावर उभ्या असलेल्या बाईशी ओरडून बोलावं लागत असेल, तर कानात प्लग हवेत. कान गेले तर परत येत नाहीत.

आणि व्हायब्रोमधून निघणारं करडं पाणी. त्यात धातूचा बारीक चुरा असतो. आमच्या शेडचं पाणी सुरुवातीला ओढ्यात जायचं, आणि त्याच ओढ्यावर आमची म्हसरं पाणी पितात. हे बोलल्यावर गाळ खाली बसवायची टाकी झाली. तो गाळ पोत्यात भरून ठेवतात आणि विल्हेवाटीला पाठवतात. शेतात किंवा ओढ्यात टाकायचा नाही.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी अशा शेडमध्ये जात असेल, किंवा गावात असं काम यायचं असेल, तर पहिल्याच दिवशी चार गोष्टी विचारा. फिरत्या भागांवर झाकण आहे का? यंत्र तातडीनं बंद करायचं बटण कुठे आहे? धूळ ओढणारा पंखा आहे का, आणि तो साफ कोण करतं? आणि ईएसआय कापतात का? दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात, महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्याला ती योजना लागू होते. आपल्या पगारातून शंभराला पाऊण रुपया जातो, मालक सव्वातीन भरतात. बोट कापलं तर दवाखान्याचा खर्च आपल्या बचतीतून जायला नको.

आणि पाचवी गोष्ट, नवीन यंत्र आलं की विचारा, हे आम्हाला कधी शिकवणार? आपणहून कुणी बोलावणार नाही. बोटाला कुसळ कळतं, हे आपलं शिक्षणच आहे. ते घेऊन यंत्राजवळ जायचं, पण पदर खोचून आणि झाकण बघून.

येत्या बैठकीत हा विषय घ्या. ज्या चौघींचं काम गेलं, त्यांतल्या दोघी आता सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे व्हायब्रो शिकायला येतात. शेजारच्या शेडमध्ये दुसरं यंत्र येणार आहे म्हणतात. या वेळी ते टेम्पोतून उतरेल, तेव्हा आमच्या बाया तिथे उभ्या असतील.