कुडा ओळखायचा कसा?

मंडळी, वाशीमकडच्या पानझडी रानात दोन कुडे भेटतात. आव झाली की वैद्य ज्याची कडू साल सांगतात, तो पांढरा कुडा. दुसरा काळा कुडा. दोघांचीही पानं समोरासमोर, फुलं पांढरी, अन् फांदी मोडली की चीक येतो. म्हणून गफलत होते, भलतीच साल पोटात जाते.

मग खूण कोणती? काळ्या कुड्याच्या फुलात मधोमध झालर असते, पांढऱ्याच्या फुलात नसते. शेंगा दोघांच्याही जोडीनं लोंबतात. पण काळ्याच्या कोवळ्या शेंगांची टोकं एकमेकींना चिकटलेली असतात, पांढऱ्याची सुटी.

गुरुजी, दोन्ही फांद्या मुलांपुढे शेजारी ठेवा. खोडाची साल सभोवार सोलली तर झाड वाळतं, हेही सांगा. आणि आजारी लेकराला आधी दवाखान्यात न्यावं.